महागडा डिस्क प्लेयर घेताय? आधी आपल्या घरातल्या वायरी बघा

भारीतला फोरके ब्लू-रे डिस्क प्लेयर कुठला घेऊ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, टीव्ही कुठला आहे, एव्हीआर (चित्र-आवाजाचे सिग्नल घेऊन स्पीकर चालवणारा रिसिव्हर) आहे का साउंडबार, आणि प्लेयरमधून निघालेली वायर आधी कुठे घुसते. समोरच्याला वाटतं हा विषय टाळतोय. पण खरं सांगतो, हे कळल्याशिवाय दोन प्लेयरची तुलना करण्यात काही अर्थच नाही, कारण तीन हजार डॉलरचा प्लेयर एका घरात पूर्ण वसूल होतो आणि दुसऱ्या घरात त्यातला अर्ध्याहून जास्त माल नुसता झोपून असतो.

प्लेयर तीन कामं करतो. डिस्क वाचतो, चित्र तयार करून पाठवतो, आणि आवाज एकतर जसाच्या तसा पुढे ढकलतो नाहीतर स्वतः ॲनालॉग करून देतो. डिस्क वाचली की येणारा डेटा सगळ्यांचा सारखाच, महाग प्लेयरला काही जास्तीचे पिक्सेल सापडत नाहीत. फरक पडतो तो पुढच्या दोन कामांत, आणि ती कामं तुमच्याकडे प्लेयर करतोय का टीव्ही आणि एव्हीआर करतायत, तेवढंच शोधायचंय.

आता "ओटीटी असताना डिस्क कशाला" हा प्रश्न येणारच म्हणून पटकन उरकतो. नेटफ्लिक्स फोरके साठी १५ एमबीपीएसचं नेट पुरे म्हणतं, १०० जीबीच्या अल्ट्रा एचडी ब्लू-रेची मर्यादा १२८ एमबीपीएस आहे. शिवाय डिस्कवरचा ॲटमॉस (डोक्यावरूनही येणारा सराउंड आवाज) ट्रूएचडी मध्ये, म्हणजे लॉसलेस, काहीही न गाळता, असतो आणि स्ट्रीमिंगवाला डॉल्बी डिजिटल प्लस मध्ये दाबून बसवलेला. अंधाऱ्या सीनमध्ये भिंतीवर पट्टे दिसतात ना ओटीटीवर, ते डिस्कवर लावून बघा. बस, पुढे.

बाजारात आहे काय ते आधी. २०१६ ला अल्ट्रा एचडी ब्लू-रे आलं, त्यानंतर सगळे उतरले होते. ओप्पोने २०१८ मध्ये दुकान बंद केलं (हो, प्लेयरवाली ओप्पो डिजिटल), २०१९ ला सॅमसंगने नवीन प्लेयर काढणं थांबवलं, २०२४ च्या शेवटी एलजी पण गेली. पायोनियर, केंब्रिज ऑडिओ यांची मॉडेलं पण बंद पडलेली. उरलं कोण, तर पॅनासॉनिक, सोनी, आणि वरच्या किमतीत मॅग्नेटार. सेकंडहँडमध्ये ओप्पोचे यूडीपी-२०३ आणि यूडीपी-२०५ अजून फिरतात, ते पण असल्या भावात की मूळ किंमत ५४९ आणि १,२९९ डॉलर होती हे आठवलं की हसू येतं. आपल्याकडे यातलं बरंचसं शोरूममध्ये बघायला मिळणार नाही, बाहेरून येणाऱ्या नातेवाईकाच्या बॅगेतून नाहीतर इम्पोर्ट करणाऱ्याकडूनच येतं, त्यामुळे "दोन्ही शेजारी लावून बघतो आणि मग घेतो" ही चैन नाहीये. म्हणूनच कागदावरची तुलना नीट करता आली पाहिजे.

सुरुवात टीव्हीपासून करा. एचडीआर म्हणजे जास्त उजेड आणि जास्त रंग दाखवणारं चित्र, त्याचा साधा प्रकार एचडीआर१०, आणि त्यावरचे डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०प्लस, ज्यांत उजेडाची माहिती सीनप्रमाणे बदलते. सॅमसंगचा टीव्ही असेल तर डॉल्बी व्हिजन विसरा, त्यांचे टीव्ही ते घेत नाहीत, तिथे एचडीआर१०प्लस चालतं. एलजी ओलेड किंवा सोनी असेल तर नेमकं उलट, डॉल्बी व्हिजन आहे आणि एचडीआर१०प्लस नाही. म्हणजे सॅमसंगवाल्याने "डॉल्बी व्हिजन असलेलाच प्लेयर हवा" म्हणून जास्तीचे पैसे मोजले तर ते गेले पाण्यात. प्रोजेक्टर असेल तर बहुतेक घरांत डॉल्बी व्हिजनचा प्रश्नच येत नाही.

पॅनासॉनिकचे यूबी८२० आणि यूबी९००० दोन्ही फॉरमॅट घेतात. डिस्क टाकली की तिच्यात काय आहे ते बघून आपोआप पाठवतात, तुम्हाला काही करायचं नाही. सोनीचा यूबीपी-एक्स८००एम२ डॉल्बी व्हिजन करतो पण सेटिंगमध्ये जाऊन हाताने चालू करावं लागतं, आणि एकदा चालू ठेवलं की साधी एचडीआर१० डिस्क पण तो डॉल्बी व्हिजन म्हणूनच टीव्हीला पाठवतो, मग रंग आणि उजेड जरा वेगळेच दिसतात. म्हणजे डिस्क बदलली की रिमोट हातात घ्या, मेन्यूत शिरा, बंद करा, परत चालू करा. ज्याला असली खटपट आवडते त्याला काही वाटत नाही, पण घरातले बाकीचे लोक शिव्या देतात. एचडीआर१०प्लस सोनीत नाहीच.

आता एचडीआरचा मुख्य मुद्दा, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे कारण चित्रातला खरा फरक बहुतेक वेळा इथेच असतो. डिस्क बनवताना स्टुडिओतला मॉनिटर १,००० निट्सचा (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) असतो, काही डिस्क तर ४,००० निट्सवर बनवलेल्या असतात. आपला टीव्ही समजा ७०० निट्सपर्यंत जातो आणि प्रोजेक्टरचा पडदा तर त्याच्या जवळपास पण नाही. मग वरचा जो उजेड आहे त्याचं काय करायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं, त्याला टोन मॅपिंग म्हणतात. ते नीट झालं नाही की दुपारच्या आभाळातले ढग सरळ पांढरा कागद होतात, दिव्याच्या आतली वात दिसत नाही नुसता गोळा दिसतो, नाहीतर मग तो गोळा वाचवायच्या नादात सगळं चित्र काळवंडतं आणि माणसांचे चेहरे संध्याकाळी सहा वाजल्यासारखे दिसतात.

पॅनासॉनिकचा एचडीआर ऑप्टिमायझर हे काम प्लेयरमध्येच करतो. सेटअपमध्ये तो टीव्हीचा प्रकार विचारतो, ओलेड, जास्त उजेडाचा एलसीडी, मध्यम, साधा, प्रोजेक्टर वगैरे, आणि त्या हिशोबाने वरचा उजेड तुमच्या पडद्याच्या आवाक्यात आणून मगच पाठवतो. हा पर्याय बरेच जण बघतच नाहीत आणि मग म्हणतात एवढे पैसे घातले पण फरक दिसत नाही. साध्या किंवा मध्यम टीव्हीवर आणि प्रोजेक्टरवर हा एक फीचर बाकी सगळ्या जाहिरातीतल्या शब्दांपेक्षा जास्त कामाचा आहे असं माझं स्पष्ट मत. पण जेव्हीसीच्या नव्या प्रोजेक्टरसारखं काही असेल, जे स्वतः फ्रेम बघून टोन मॅपिंग करतं, तर प्लेयरमधलं बंद ठेवा, दोघांनी एकाच चित्रावर हात फिरवला की वाट लागते. डॉल्बी व्हिजनच्या डिस्कला पण याचा संबंध नाही, तिथे सीनप्रमाणे माहिती डिस्कमध्येच असते.

आणि हे पण लक्षात घ्या की यूबी८२० आणि यूबी९००० मध्ये चित्राचा प्रोसेसर एकाच घराण्यातला आहे, ऑप्टिमायझर दोघांत आहे. यूबी८२० आला तेव्हा ५०० डॉलरच्या आत होता, यूबी९००० हजाराच्या आसपास. वरचे पाचशे डॉलर गेले कुठे तर जाड पत्र्याची पेटी, वेगळा पॉवर सप्लाय, एक्सएलआर आउटपुट (तीन पिनांचं, ॲनालॉग आवाजाचं), म्हणजे जवळपास सगळं आवाजाच्या बाजूला आणि बांधणीला. वजन सव्वादोन-अडीच किलोवरून पावणेआठ किलो होतं. हातात घेतल्यावर फार छान वाटतं ते खरंय, पण एचडीएमआयने एव्हीआरला जोडणार असाल तर चित्र तुम्हाला यूबी८२० चंच मिळणार आहे.

तिथून आवाजाकडे. सगळ्यात जास्त पैसा इथे फुकट जातो. मॅग्नेटारचा यूडीपी९००, ओप्पोचा यूडीपी-२०५ यांच्यात ईएसएस ईएस९०३८प्रो ही डॅक चिप (डिजिटल आवाजाचा ॲनालॉग करणारी) आहे, नाव वाचूनच लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. पण ती चिप कामाला कधी लागते? जेव्हा तुम्ही प्लेयरच्या मागच्या आरसीए किंवा एक्सएलआर मधून वायर काढून ॲम्प्लिफायरला देता तेव्हा. एचडीएमआयने बिटस्ट्रीम (डिस्कवरचा आवाज न उलगडता जसाच्या तसा) पाठवलं तर डिकोड पण एव्हीआर करतो आणि ॲनालॉग पण एव्हीआरच करतो, प्लेयरमधली ती शंभर गुणांची चिप आत बसून सिनेमा संपायची वाट बघते. त्यामुळे साधा नियम, स्टिरिओ ॲम्प वेगळा आहे, सीडी आणि एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) ऐकता, तर महाग प्लेयरचा विचार करा. नुसते सिनेमे आणि एव्हीआर, तर तेच पैसे सबवूफरला घाला.

एसएसीडीचा विषय निघालाच आहे तर पॅनासॉनिकचे हे दोन्ही प्लेयर एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ वाजवत नाहीत. सोनीचा एक्स८००एम२ वाजवतो, मॅग्नेटार वाजवतो, ओप्पो वाजवायचा. ज्याच्याकडे शेल्फभर एसएसीडी आहेत त्याने हे पहिल्यांदा बघावं, टोन मॅपिंग नंतर. आणि एसएसीडीचा मूळ सिग्नल ऑप्टिकल वायरीतून बाहेर येत नाही, कॉपी होऊ नये म्हणून तशीच व्यवस्था आहे, एचडीएमआय नाहीतर ॲनालॉग हेच दोन रस्ते. ऑप्टिकलने ट्रूएचडी पण जात नाही, मागे लाल उजेड दिसला म्हणून जोडून टाकू नका.

साउंडबारवाल्यांसाठी. प्लेयर टीव्हीला आणि टीव्ही साउंडबारला असं जोडणार असाल तर टीव्ही आणि साउंडबार दोन्हीकडे ईआर्क (टीव्हीतला आवाज एचडीएमआयने साउंडबारला परत पाठवणारी नवी सोय) पाहिजे, नुसत्या जुन्या आर्कमधून लॉसलेस ॲटमॉस येत नाही. ईआर्क नसेल तर प्लेयर आधी साउंडबारच्या एचडीएमआय इनपुटला लावा, फक्त तो साउंडबार डॉल्बी व्हिजन पुढे जाऊ देतो का ते बघा. जुना पण चांगला एव्हीआर आहे, जो फोरके एचडीआर पास करत नाही, तो बदलायची गरज नाही. यूबी८२० आणि एक्स८००एम२ दोघांना दोन एचडीएमआय आउटपुट आहेत, एक चित्रासाठी सरळ टीव्हीला, दुसरं फक्त आवाजासाठी एव्हीआरला. हा छोटासा दुसरा खड्डा कित्येकांचा एव्हीआरचा खर्च वाचवतो.

अजून एक सेटिंग जे बाय डीफॉल्ट चुकीचं असू शकतं. पॅनासॉनिकमध्ये सेकंडरी ऑडिओ आणि सोनीत बीडी ऑडिओ मिक्स, हे बंद करा. चालू असेल तर प्लेयर मेन्यूचे टिकटिक आवाज मिसळायला म्हणून मूळ ट्रॅक उलगडून परत बांधतो आणि एव्हीआरच्या डिस्प्लेवर ॲटमॉस दिसायच्या ऐवजी भलतंच काहीतरी दिसतं. मग लोक प्लेयर खराब म्हणून परत पाठवतात. टीव्हीच्या बाजूला पण त्या एचडीएमआय पोर्टचं बंधन उघडावं लागतं, एलजीत डीप कलर, सोनीत एनहान्स्ड फॉरमॅट, सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, नाहीतर पोर्ट पूर्ण सिग्नल घेतच नाही. वायर १८ जीबीपीएसची प्रमाणित असली की झालं, सोन्याच्या मुलाम्याच्या नादी लागू नका.

आता समजा नशीब जोरात आहे आणि मित्राचा प्लेयर एका रविवारसाठी घरी आलाय, तर तुलना कशी करायची. दोन्ही प्लेयर एकाच टीव्हीच्या एकाच पोर्टला आळीपाळीने लावा, कारण प्रत्येक पोर्टचं पिक्चर सेटिंग टीव्ही वेगळं लक्षात ठेवतो आणि एक पोर्ट व्हिव्हिड वर, दुसरा सिनेमा वर असं असलं की झालीच तुलना. मग दोघांचं कलर आउटपुट वायसीबीसीआर किंवा ऑटो करा. एक आरजीबी फुल रेंजवर आणि टीव्ही लिमिटेड समजून बसलेला असला तर काळा रंग डांबरासारखा काळा होतो, चित्र एकदम ठसठशीत वाटतं, आणि सगळे म्हणतात बघा पंच किती आहे. तो पंच नाहीये, सावलीतलं सगळं चित्र गिळलं गेलंय. काळ्या कोटावरच्या शिवणी, घड्या, रात्रीच्या झाडाची पानं, असल्या जागी पॉज करून बघा, तिथे तपशील गायब असेल तर आधी सेटिंग तपासा आणि मगच प्लेयरला नावं ठेवा.

फोनने पडद्याचे फोटो काढून तुलना करू नका प्लीज. फोन प्रत्येक फोटोला स्वतःच उजेड कमीजास्त करतो, आणि एचडीआरचा फोटो साध्या स्क्रीनवर बघून काय कळणार. यूट्यूबवरच्या शेजारी-शेजारी व्हिडिओंचं पण तेच, ते करमणूक म्हणून बघा.

ॲनालॉग आवाजाची तुलना तर याहून फसवी. एक्सएलआर मधून साधारण आरसीएच्या दुप्पट व्होल्टेज येतं, म्हणजे ६ डेसिबल जास्त, आणि कानाला जे मोठं ते चांगलं वाटतं, ही माणसाची जातच. म्हणून एकच टेस्ट टोन लावा, स्पीकरसमोर बसायच्या जागी फोनवरचं साउंड मीटर ठेवा, दोन्ही प्लेयर एकाच पातळीवर आणा, मग गाणी बदला. दुसऱ्या कुणाला तरी वायर बदलायला सांगा आणि तुम्ही डोळे मिटून बसा. बहुतेक वेळा "पडदा बाजूला झाल्यासारखं वाटलं" वाला फरक इथेच विरघळतो. उरला तर तो खरा, मग खुशाल पैसे घाला.

डिस्क वाचण्यात सगळे सारखे असं मी वर म्हटलं, ते वाचता आली तर. तीन थरांच्या १०० जीबीच्या डिस्क काही ड्राइव्हना जड जातात, सिनेमा मध्यावर कुठेतरी अडकतो, चित्र थिजतं, ठोकळे दिसतात. त्यामुळे नवीन प्लेयर आला की सगळ्यात लांबलचक १०० जीबीची डिस्क लावून पूर्ण बघा, पहिली दहा मिनिटं बघून खूश होऊ नका, आणि हे परत करायची मुदत संपायच्या आत करा. अडकली तर आधी डिस्क मायक्रोफायबरने मधून बाहेर सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. कोऱ्या डिस्कवर पण कधी कधी कारखान्यातला पातळ थर असतो. मग फर्मवेअर अपडेट करा. तरी तिथेच अडकत असेल तर ती डिस्क दुसऱ्या प्लेयरमध्ये लावून बघा म्हणजे दोष कुणाचा ते कळेल. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात किंवा समुद्राजवळ राहत असाल तर डिस्कवर बुरशीचे ठिपके येतात, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि प्लेयर आठवड्यातून एकदा तरी चालू करा.

घरात जुन्या मराठी सिनेमांच्या, नाटकांच्या डीव्हीडी असतीलच, त्यांचा पण विचार करा. त्यांचं चित्र इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं) असतं, ते सरळ करायचं काम प्लेयर किंवा टीव्ही करतो. टेस्ट सोपी आहे, कॅमेरा हळू सरकतोय आणि समोर साडीचा काठ किंवा वाड्याच्या पायऱ्या आहेत असा सीन काढा. कडेला कंगव्यासारखे दाते दिसले तर तो प्लेयर ते काम नीट करत नाहीये. मग प्लेयरचं अपस्केलिंग (चित्र मोठं करणं) बंद करून टीव्हीला करू द्या, कधी कधी टीव्हीच भारी पडतो. व्हीसीडी चालेलच असं मात्र समजू नका, मॅन्युअलमध्ये त्या फॉरमॅटचं नाव असेल तरच.

गेमिंग कन्सोलवाल्यांना दोन ओळी. पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स फोरके डिस्क चालवतात, पण डिस्कवरचं डॉल्बी व्हिजन देत नाहीत, एसएसीडी नाही, आणि पीएस५ तर साधी ऑडिओ सीडी पण घेत नाही. महिन्यातून एखादा सिनेमा बघणाऱ्याला तेवढं पुरे आहे, उगाच दुसरा डबा कशाला.

बाहेरून मागवणार असाल तर रीजन (डिस्क जगातल्या कुठल्या भागातल्या प्लेयरवर चालेल ते कुलूप) समजून घ्या. अल्ट्रा एचडी डिस्कला रीजन नसतो, कुठलीही कुठेही चालते. साध्या ब्लू-रेला असतो, भारत सी मध्ये, अमेरिका ए, युरोप बी. बऱ्याच ब्लू-रे रीजन-फ्री असतात पण सगळ्या नाहीत. डीव्हीडीत आपण ५, अमेरिका १. अमेरिकेतला प्लेयर पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) डीव्हीडी नाकारू शकतो ते वेगळंच. म्हणून अमेरिकेतल्या भावाकडून मागवताय का लंडनच्या मावशीकडून, याने फरक पडतो, नुसती किंमत बघू नका. आणि मागच्या लेबलचा फोटो आधी मागवा. १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर पिन बदलली की झालं, नुसतं १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० च्या प्लगात घालू नका, धूर निघेल. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो, फक्त प्लेयरच्या वॅटपेक्षा भरपूर मोठा घ्या आणि रॅकपासून लांब ठेवा, स्वस्तातले गुणगुणतात आणि शांत सीनमध्ये तेवढंच ऐकू येतं. इंग्लंडचा यूबी८२० घेतला तर व्होल्टेजची कटकट नाही, मला विचाराल तर आपल्यासाठी तोच सोयीचा, एसएसीडी नसतील तर.

सेकंडहँड ओप्पोच्या मागे असाल तर मी अडवणार नाही, यंत्र खरंच सुंदर आहे, पण कंपनी गेली, लेझरचे सुटे भाग मिळणं नशिबावर, आणि भाव मात्र संग्रहातल्या वस्तूचा. बघायला जाल तेव्हा ट्रे चार-पाच वेळा आतबाहेर करा, आवाज ऐका. १०० जीबीची डिस्क लावून मधल्या आणि शेवटच्या चॅप्टरवर उड्या मारा, एसएसीडी लावा, एक जुनी ओरखडे आलेली डीव्हीडी लावा. विकणारा म्हणेल "आत्ता फोरके डिस्क नाहीये ओ माझ्याकडे", तेव्हा आपल्या पिशवीतली काढायची.